ती थापड माझी होती, मॅडम

मॅडम, काल तुमच्या तेरवीत मी तुमच्याविषयी एक खोटं ऐकलं आणि बुंदीच्या घासासोबत गिळून टाकलं. शाळेच्या गावचे लोक ट्रॅक्टर करून आले होते. त्यातलाच एक जण पंगतीत वाढत होता. वांग्याची भाजी वाढता वाढता माझ्या शेजारच्या बाईला म्हणाला, "म्याडम सोन्यासारखी होती. पन हात जड होता तिचा. एका पोरीले असं हानलं होतं, गाल सुजला होता लेकराचा." ती बाई म्हणाली, "हाव, मी बी आयकलं होतं." मी पत्रावळीत बघत राहिले. तोंडातला घास फिरत होता आणि समोर खुर्चीवर हार घातलेला तुमचा फोटो होता. त्यात तुम्ही ओठ मिटून हसत होता, नेहमी हसायच्या तशाच. मला इतका राग आला तुमचा, की उठून तो फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवावा असं वाटलं.

शनिवारी शाळेत तुमची शोकसभा आहे. मला चार शब्द बोलायला सांगितलंय. तुमच्यासोबत काम केलेली शाळेत आता मीच एक आहे ना. काय बोलू? तुमचं अक्षर मोत्यासारखं होतं? ते सगळेच बोलतील. मला तुमच्याशी भांडायचंय, आणि तुम्ही नेहमीसारखा विषय अर्ध्यात टाकून निघून गेलात.

आपलं भांडण पहिल्या दिवसापासूनचं. मी नवीन नवीन शिक्षण सेवक म्हणून लागले होते, म्हणजे तीन वर्षं कच्ची नोकरी, चुकलं की घरी. शाळा दोन खोल्यांची. पहिली-दुसरी तुमच्याकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे, मध्ये एक भिंत आणि पुढे व्हरांडा. गावानं लगेच नावं पाडली, मोठ्या मॅडम आणि लहान्या मॅडम. पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत ओरडून ओरडून माझा घसा बसला. तुम्ही मधल्या सुट्टीत दोन लवंगा हातावर ठेवल्या आणि म्हणालात, "तू वरडते म्हून थे वरडतात. तू हळू बोलून पाय. मंग आयकाले जवळ येतात." मी दुसऱ्या दिवशी हळू बोलून पाहिलं. पंधरा मिनिटं काही झालं नाही. सोळाव्या मिनिटाला गोलू नावाचा मुलगा पुढे सरकून बसला आणि बाकीच्यांना म्हणाला, "अबे चूप, म्याडम काहीतरी सांगून राह्यली." त्या दिवशी मी घरी जाऊन आईला किती वेळा ते सांगितलं असेल! हे तुमचं देणं आहे, ते मी नाकारत नाही. आजही मी वर्गात आवाज चढवत नाही.

पण तुमची ती पाव्हण्याची पद्धत मला कधीच पटली नाही.

ती तुमचीच कल्पना होती. वर्गात कुणी डोकं फिरल्यासारखं वागायला लागलं, मारामारी केली, पाटी फेकली, की त्याच्या हातात डस्टर द्यायचं आणि दुसऱ्या खोलीत पाठवायचं. दारात उभं राहून त्यानं म्हणायचं, "मी पाव्हणा आलो." मग दुसऱ्या वर्गाच्या मॅडमनं त्याला पाणी द्यायचं, आपल्या खुर्चीजवळ बसवायचं, फुटाणे असतील तर फुटाणे द्यायचे. काय केलं म्हणून आला, ते विचारायचं नाही. पाठवणाऱ्या बाईनं सांगायचं नाही. त्याचं मन शांत झालं की तो आपणच उठून डस्टर घेऊन परत जाणार. पाव्हण्याले इचारत नसते, हा तुमचा कायदा.

आणि मी तुम्हाला माझ्या स्कूटीवर मागे बसवून आपल्या नालवाडीपासून शाळेच्या गावापर्यंत रोज सांगायचे, की मॅडम, ही शिस्त नाही, हे लाड आहेत. गोलू आठवड्यातून चार वेळा पाव्हणा होतो, तो फुटाण्यांसाठी भांडतो. तुम्ही मागून हेल्मेटवर टकटक करून म्हणायच्या, "त्याच्या घरी त्याले कोनी पानी इचारत नसन." मी म्हणायचे, "मलाही कोणी विचारत नाही, मग मीही मारामारी करू का?" तुम्ही एवढ्या मोठ्यानं हसायच्या की रस्त्यातल्या बाया वळून पाहायच्या. तुमच्यासोबतचा तो रस्ता मला आवडायचा, हेही सांगून टाकते. भांडायला असं माणूस मिळत नाही.

पद्धत चालायची, हेही खरं. कितीतरी मुलं तणतणत जायची आणि अर्ध्या तासानं गणिताला बसायची. पण मुलगा तसा का वागला, हे कुणालाच कळायचं नाही. तुम्ही म्हणायच्या, कळून काय करायचं, लेकरू निवलं ना? मी म्हणायचे, पुढच्या वेळी पुन्हा तापेल त्याचं काय? यावर तुम्ही वांग्याच्या भावावर बोलायला लागायच्या.

शेवटी मी कंटाळून माझ्या वर्गात जाहीर केलं, आजपासून पाव्हणा बंद. तिसरी-चौथीतून कोणी तिकडे जाणार नाही. तुम्ही फक्त भुवया वर केल्या. त्यानंतर चौथ्या दिवशी ते झालं.

त्या दिवशी शाळा तपासायला केंद्रप्रमुख येणार होते. मी सकाळपासून ओळी लावून बसवलं होतं सगळ्यांना, नखं तपासली होती, फळा दोनदा पुसला होता. आणि तिसरीतली समीक्षा मागच्या भिंतीला पाठ लावून उभी. मी म्हटलं, बस. ती बसली नाही. पुन्हा म्हटलं. ती माझ्याकडे बघायची आणि मग जमिनीकडे बघायची. पाच वेळा सांगितलं असेल मी. तेव्हा चौथीतला एक मुलगा हसून म्हणाला, "म्याडम, थे तुमाले भेत नाई." सगळा वर्ग हसला, आणि मी मागे जाऊन तिच्या गालावर थापड मारली. आवाज तुमच्या खोलीपर्यंत आला असणार. माझा तळहात झोंबला, एवढ्या जोरात. समीक्षा रडली नाही. गालाला हातही लावला नाही तिनं. दारातून निघाली आणि सरळ घराकडे पळाली.

तुम्ही आलात. माझ्याकडे पाहिलं, वर्गाकडे पाहिलं. माझ्या टेबलावरचं डस्टर उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणालात, "जा. तिकडं बस जाऊन." मी गेले, मॅडम. चोवीस वर्षांची घोडी मी, पहिली-दुसरीच्या पोरांमध्ये तुमच्या खुर्चीजवळ जाऊन बसले. एका मुलीनं तुमच्या मडक्यातून पाणी आणून दिलं. मला तेव्हा एवढं बरं वाटलं की मी रडले. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आणि मी तिथं निवत बसले असताना तुम्ही भिंतीपलीकडे ते करून टाकलंत.

समीक्षाची आई तिला घेऊन आली, मागून शाळा समितीचे दोघं-तिघं. बाईचा आवाज चढलेला. "माह्या पोरीले कोनं मारलं?" मी उठणार होते. खरंच उठणार होते, पण मला वाटलं तुम्ही आधी त्यांना शांत कराल, मग मी येईन. तेवढ्यात तुमचा आवाज आला, "मी मारलं." अगदी साधा आवाज. मग समीक्षा काहीतरी बोलली, मला नीट ऐकू आलं नाही. तिची आई म्हणाली, "थे तं म्हणते लहान्या म्याडमनं मारलं." मग तुम्ही जे केलंत त्याबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही. तुम्ही माझ्या वर्गाकडे वळलात. यातल्या प्रत्येक पोराला तुम्ही पहिली-दुसरीत हातात पेन्सिल धरायला शिकवलं होतं. तुम्ही विचारलंत, "काय रे, मीच मारलं ना?"

आणि भिंतीपलीकडून एका सुरात आलं, "हाव म्याडम!"

पाढे म्हणतात तसं. एकही आवाज मागे नाही, एकही पुढे नाही. इतका शिस्तीचा वर्ग मी आजवर ऐकलेला नाही. ज्यांनी डोळ्यांदेखत पाहिलं होतं ती सगळी पोरं, तो हसणारा मुलगा, गोलू, सगळे. एकटी समीक्षा गप्प होती. मग तिच्या आईचा आवाज आला, या वेळी तिच्यावरच, "खोटं बोलते का वं?"

तुम्ही जबाब लिहून दिला. तुम्हाला कारणे दाखवा नोटीस आली. समितीच्या बैठकीत समीक्षाच्या आईची हात जोडून माफी मागितलीत. गावानं तुमचं नाव आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी पाठवलं होतं, तो कागद गावानंच परत मागवला. आणि तुम्ही रोज माझ्या स्कूटीवर मागे बसून येत राहिलात जसं काही झालंच नाही. पहिल्याच संध्याकाळी मी आंजीच्या फाट्यावर गाडी थांबवली होती, आठवतं? म्हटलं, मॅडम, मी उद्या जाऊन सांगते, मी मारलं म्हणून. तुम्ही म्हणालात, "तुही नोकरी कच्ची हाये. मले काय होते, रिटायर व्हाले दोन साल राह्यले. चाल, गाडी चालव." मी म्हटलं, पण निदान विचारा तरी, का मारलं ते. तुम्ही म्हणालात, "पाव्हण्याले इचारत नसते." आणि मी गाडी चालू केली. मी गाडी चालू केली, मॅडम. या वाक्यात तुमचं काही नाही, ते सगळं माझं आहे.

लोकांना हा त्याग वाटेल. शनिवारी मी सांगितलं तर बाया डोळे पुसतील, म्हणतील केवढं मन होतं. मला मात्र तुमच्या त्या मनाचाच संताप येतो. तुम्हाला सगळ्यांचं सगळं ठरवून टाकायची खोड होती. सहलीला कोणता डबा आणायचा इथपासून कुणाचा गुन्हा कुणाच्या नावावर टाकायचा इथपर्यंत. माझी चूक होती ती. मला ती हवी होती. मी त्या चुकीपाशी बसले असते, शिक्षा घेतली असती, गेली असती नोकरी तर गेली असती, नालवाडीत शिकवण्या घेतल्या असत्या. तुम्ही ती माझ्या हातून काढून घेतलीत, लहान मुलाच्या हातातली सुरी काढून घेतात तशी.

आणि माझ्या वर्गाचं काय झालं माहीत आहे? वर्ग शांत झाला. एकदम शांत. केंद्रप्रमुखांनी दोन वेळा शेरा मारला, वर्गनियंत्रण उत्तम. पोरं बसा म्हटलं की बसत, उठा म्हटलं की उठत. समजलं का विचारलं की "हाव म्याडम." मी फळ्यावर मुद्दाम चूक गणित केलं आणि विचारलं, बरोबर आहे ना? "हाव म्याडम." त्या दिवसापासून मी वर्गाला हो-नाहीचा प्रश्न विचारत नाही. एकेकाला नाव घेऊन विचारते, तुला काय वाटतं? नवीन पोरं बोलतात आता. त्या वर्षीची कधीच बोलली नाहीत.

समीक्षा तर अजिबातच नाही. ती हात वर करायची बंद झाली. ओळीत बसायची, सांगितलं ते करायची, भांडायची नाही. वर्षाच्या शेवटी तिच्या प्रगतिपत्रकात वर्तनाच्या रकान्यात मी लिहिलं, शांत व समंजस. माझ्या हातानं. वर तुमची मुख्याध्यापक म्हणून सही आहे. आपण दोघींनी मिळून ते लिहिलं आणि तिच्या वडिलांनी खाली अंगठा उठवून शेजारी आपलं नाव काढलं.

तुम्ही निवृत्त झाल्यावर मी पक्की झाले. तुम्हाला फोन केला की तुम्ही म्हणायच्या, येजो एकदा, जेवाले येजो. मी आलेही. तीन वेळा आले, तीन वेळा तो विषय ओठांवर आणला, आणि तुम्ही तीन वेळा मला वाढत राहिलात. चौथ्यांदा येणार होते ते काल आले. काल तुमच्या घरी पाणी द्यायलाही दुसरंच कुणी होतं.

म्हणून आज शाळा सुटल्यावर मी समीक्षाच्या घरी गेले. चार वर्षांनी. ती आता सातवीत आहे, आंजीच्या शाळेत जाते. अंगणात ती आणि तिचे आईबाप बसले होते, उद्याच्या वर्ध्याच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत. मला पाहून बाप उठला, पोतं झटकून बसायला दिलं. त्याला वाटलं मी शोकसभेचं सांगायला आले. मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं, की तुमच्या मुलीला मोठ्या मॅडमनं मारलं नव्हतं, मी मारलं होतं. ती खरं बोलत होती.

बाप म्हणाला, "पन म्याडम तं सोता बोलली होती."

"खोटं बोलल्या होत्या," मी म्हटलं. तुमच्याविषयी हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारला, मॅडम, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. जीभ अडखळली नाही.

मग मी समीक्षाला ते विचारलं जे त्या दिवशी वर्गात विचारायला हवं होतं. का गं बसत नव्हतीस? ती जुडी बांधत राहिली. बापाकडे पाहिलं, मग मान खाली घालून आईकडे तोंड करून बोलली, "गळू झालं होतं. बसाच्या जागी. समोर पोरं होते सगळे. कसं सांगू?"

तिच्या आईच्या हातातली मेथी तशीच राहिली. "हाव वं माय," ती म्हणाली. "झालं होतं. म्याच तं पोटीस बांधलं होतं रात्री." तिला गळू आठवत होतं, थापड आठवत होती, फक्त एकामुळे दुसरं झालं हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. एक गळू, मॅडम! एवढीशी गोष्ट. मी तिला व्हरांड्यात बाजूला घेऊन विचारलं असतं तर कळली असती. तुम्ही पाणी देऊन जवळ बसवून विचारलं असतं तर कळली असती. तुम्हाला विचारायचं नव्हतं आणि मला थांबायचं नव्हतं.

बाप म्हणाला, "मंग मले काऊन नाई सांगतलं तवा?"

"सांगतलं होतं बाबा. लहान्या म्याडमनं मारलं म्हून. तुमी म्हणले, म्याडम खोटं बोलन का?" आवाजात राग नव्हता. राग तेव्हा आला असणार आणि कुणी न विचारता संपलाही असणार. मग तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "मोठ्या म्याडमनं काऊन तसं सांगतलं?"

मी म्हटलं, मला वाचवायला. माझी नोकरी गेली असती.

तिनं त्यावर विचार केला. दोन जुड्या बांधून झाल्या. "मंग मले कोन वाचवाचं होतं?"

 मी तिथं उभी राहून तुमची वाट पाहत होते, शपथेवर सांगते. अशा वेळी तुम्ही काहीतरी बोलायच्या आणि सगळं निवायचं. मला एकदम जाणवलं, की तुम्ही असता तर आजही तेच केलं असतं. तिला जवळ घेतलं असतं, काहीतरी खायला दिलं असतं आणि प्रश्न तसाच राहू दिला असता. तुम्ही नाही, म्हणून तो प्रश्न अंगणात तसाच उभा राहिला आणि आम्हा चौघांनाही ऐकावा लागला. मी एवढंच म्हटलं, कोणी नाही. कोणीच वाचवलं नाही तुला. चूक माझी होती. बापानं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली. आईनं पोरीच्या पाठीवर हात ठेवला. पोरीनं तो झटकला नाही, पण तिकडे लक्षही दिलं नाही.

मी निघताना ती फाटकापर्यंत आली. म्हणाली, "सनवारी शाळेत लय लोकं येतीन ना? तुमी बोलसान ना तिथं?"

मी म्हटलं, बोलणार आहे. सगळं सांगणार आहे.

"मंग माह्यं नाव घेऊन सांगजा," ती म्हणाली. "एका पोरीले मारलं, असं नोका म्हणू. नाव घ्या."

तुमच्याविषयी खूप चांगलं बोलण्यासारखं आहे, मॅडम, आणि मी ते बोलेन. लवंगांचं बोलेन, हळू आवाजाचं बोलेन, मी तुमच्या खुर्चीजवळ बसून रडले होते तेही सांगेन. मला तुमची इतकी आठवण येते की राग धरणं कठीण जातं, आणि तरी मी तो धरून ठेवणार आहे. पण शनिवारी मी उभी राहीन तेव्हा पहिलं नाव तिचं असेल. तुमचं त्यानंतर.